अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना पीठ

लिमा, ९ मार्च १९८७

असुंता,

पोस्टाने पाठवलेली दोन्ही पत्रं तू न फोडता परत केलीस, म्हणून हे मेल्वाच्या हाती देते आहे. तिला सांगितलंय, आईने घेतलं नाही तर तिच्यासमोर बसून मोठ्याने वाच. तुझी मुलगी तुझ्यासारखीच हट्टी आहे. ती वाचेल.

कामाचं तेवढं लिहिते. आमच्या इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होते आहे. टायफॉइडचे जंतू ज्यांच्या पित्ताशयात मुक्कामाला राहिलेत, पण ज्यांना स्वतःला त्यांचा काही त्रास नाही, अशा माणसांसाठी. तू म्हणशील, मी तर ठणठणीत आहे. बरोबर आहे. तू ठणठणीत आहेस आणि तुझ्या हातचं खाणारे आजारी पडतात, अडचण तीच आहे.

खानावळीला कुलूप लागून दोन वर्षं झाली. ते मी लावायला लावलं असं तू आरेकिपात अख्ख्या यानावारा वस्तीत सांगतेस, हे मला इथे लिमात बसून कळतं. मी नगरपालिकेला तुझ्या तपासणीचा निकाल कळवला. दुसऱ्या कुणाचा असता तरी कळवला असता. त्या ऑगस्टात तुझी पाच गिऱ्हाइकं तापाने पडली होती, ती बरी झाली. सहावा माझा नवरा. फेर्मिन काही गिऱ्हाईक नव्हता. आरेकिपाच्या सणाला तू आम्हाला जेवायला बोलावलंस म्हणून आम्ही आलो होतो आणि त्याने सोल्तेरीतो दोनदा मागून घेतला. कच्चा कांदा, पनीर, शेंगांचे दाणे, सगळं तू हातानेच कालवतेस. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

चार आठवडे गोळ्या घ्यायच्या. त्यासाठी लिमाला यावं लागेल. माझ्याकडे राहायचं नसेल तर मेल्वाकडे राहा.

एदेल्मिरा


लिमा, २ एप्रिल १९८७

असुंता,

मेल्वाने तुझा निरोप शब्दशः सांगितला, आणि तुझ्या आवाजात सांगितला. 'आधी बाईसाहेबांनी माझ्या पोटात जंतू घातले, आता काढायला निघाल्या.' इथे लॅबमध्ये मुली हसल्या. मी हसले नाही, पण मला राग आला असंही नाही.

त्या पुढचा तुझा प्रश्न मात्र रास्त आहे. मागच्या वेळी महिनाभर औषध गिळून तोंड कडू झालं आणि गेलं काहीच नाही, तर मग हे काय वेगळं करणार?

ऐक. आधीच्या औषधाने जंतूंचं काम बंद पडतं, ते मरत नाहीत. वाढता येत नाही, म्हणून गप्प बसतात. अंगात ताप असताना तेवढं पुरतं, कारण गप्प बसलेल्यांना आपलं रक्त स्वतःच संपवतं. पण तुझे जंतू रक्तात नाहीत. ते पित्ताशयातल्या खड्यांना चिकटून बसलेत. तिथे रक्त पोचत नाही, आणि ते औषधही जेमतेमच पोचतं. औषध थांबलं की ते पुन्हा कामाला लागतात.

नवं औषध जंतूच्या अगदी आतल्या गोष्टीवर जातं. प्रत्येक जंतूत त्याचा स्वतःचा आराखडा असतो, डीएनए म्हणतात. दोन पदरांचा धागा, टोकं एकमेकांना जुळलेली, आणि जंतूच्या लांबीच्या हजारपट लांब. एवढा धागा एवढ्याशा जागेत राहतो तो पीळ घालून राहतो. एका जंतूचे दोन व्हायचे तर या धाग्याची नक्कल व्हावी लागते, आणि नक्कल करायला दोन पदर सोडवावे लागतात. एका ठिकाणी सोडवले की पुढच्या भागात पीळ चढत जातो, इतका की पुढे सरकणंच अशक्य होतं. त्यासाठी जंतूंकडे एक प्रथिन आहे. ते धागा कापतं, कापलेल्या फटीतून धाग्याचा दुसरा भाग पलीकडे काढतं, आणि कापलेलं पुन्हा जोडतं. पीळ उतरतो. हे सतत चालू असतं.

औषध नेमकं कापल्यावर आणि जोडण्याआधी मध्ये शिरतं आणि त्या प्रथिनाला तसंच धरून ठेवतं. धागा तुटलेला राहतो. मागून नक्कल करत येणारी सगळी यंत्रणा त्या जागी येऊन अडकते, धागा आणखी ठिकाणी तुटतो, आणि जंतू मरतो. थांबत नाही, मरतो. आपल्या शरीरातही हे काम करणारं प्रथिन आहे, पण त्याची घडण वेगळी आहे. एवढ्या औषधाला ते दाद देत नाही. शिवाय हे औषध पित्तात भरपूर उतरतं.

दुसरा उपाय म्हणजे पित्ताशयच काढून टाकणं. आईला टेबलावर नेलं आणि परत आणलं नाही, हे मीही विसरलेले नाही. म्हणून मी शस्त्रक्रियेचा आग्रह धरत नाही.

ईस्टर झाल्यावर ये.

ए.


लिमा, १९ मे १९८७

असुंता,

एका शहरात राहून पत्र लिहायचं म्हणजे विचित्रच आहे. पण परवा मी मेल्वाकडे आले तर तू आत जाऊन निजलीस, भर अकरा वाजता. तेव्हा हेच बरं.

तू इस्पितळाच्या फाटकात मला विचारलंस की तुझ्या गोळ्या खऱ्या की खोट्या. मी तेव्हा घाईत होते, आता नीट सांगते. चाचणीतल्या अर्ध्या लोकांना औषध मिळतं, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पिठाच्या गोळ्या. कुणाला काय, ते आधीच चिठ्ठ्या टाकून ठरलेलं आहे. डॉक्टर बेनाविदेस यांनी तुला हे वाचून दाखवलं होतं, आणि तू सही केलीस. माझ्याकडे नमुने फक्त आकडा घालून येतात. त्यातला तुझा कुठला ते मला माहीत नाही, आणि मी माहीत करून घेणार नाही.

तू म्हणालीस, 'बहीण आहेस, तुला कळून घेता येईल.' येईल कदाचित. पण मग मी निकाल लिहिणार त्याला अर्थ उरणार नाही.

दुसरी गोष्ट. मेल्वा सांगते, तू गोळी पनीराच्या तुकड्याबरोबर घेतेस, म्हणजे जिभेला चव लागत नाही. तसं करू नकोस. दूध आणि पनीर यांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, औषधाला धरून ठेवतो आणि ते अंगात शिरतच नाही. आधी दोन तास आणि नंतर दोन तास पनीर नको. आरेकिपाच्या बाईला हे सांगणं म्हणजे श्वास घेऊ नकोस म्हणण्यासारखं आहे, मला कल्पना आहे.

आणि शेजारणीच्या नवऱ्याचं पोट बिघडलं म्हणून त्याला तू दोन गोळ्या दिल्यास, हेही कळलं. पुन्हा देऊ नकोस. अर्धवट औषध मिळालं तर सगळे जंतू मरत नाहीत, आणि उरतात त्यांच्यात एखादा असा निघतो की त्याच्या त्या प्रथिनाची घडण जरा वेगळी असते. औषधाला तिथे धरायला जागा मिळत नाही. मग तो वाढतो, त्याची पिल्लावळ वाढते, आणि पुढच्या माणसाला हे औषध निरुपयोगी होतं.

तुझी तब्येत बरी दिसली. जाड झालीस.

ए.


लिमा, ६ जुलै १९८७

असुंता,

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी आकडे फोडले, कुणाला काय होतं ते उघड झालं. तुला पीठ होतं. तुझ्या नमुन्यांत जंतू आधी होते तेवढेच आहेत. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यापैकी बहुतेकांचे गेले. म्हणजे औषध चालतं.

हे तुला मेल्वाकडून आधीच कळलं आहे, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली आहे. ती खरी आहे. सुरुवातीलाच डॉक्टर बेनाविदेस मला बाजूला घेऊन म्हणाले होते, 'तुमची सख्खी बहीण आहे. एवढं मनावर घेऊ नका, तिला औषधाच्या बाजूला टाकून देतो.' मी नको म्हटलं. ते भले माणूस आहेत, त्यांना वाटलं मी संकोचाने म्हणते आहे, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. ही हकीकत ते त्याच दिवशी मेल्वाला कौतुकाने सांगायला गेले. काय झालं असेल याची त्यांना कल्पना नाही.

तू मेल्वाच्या दारात उभी राहून मला जे बोललीस ते शेजारच्यांनी ऐकलं. 'नवरा गेला त्याचा सूड घेतेस. मला महिनाभर पीठ चारलंस. मेले असते तर फुलं घेऊन आली असतीस, तीही मोजून.' मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तुला उत्तर नको होतं.

आता देते. आपल्या ओळखीच्यांना औषध आणि बाकीच्यांना पीठ असं आम्ही केलं असतं तर औषध चालतं की ओळखीचे लोक मुळात चांगलंचुंगलं खाऊन धडधाकट होते, हे कधीच कळलं नसतं. त्या पिठाच्या बाजूला तुझ्याबरोबर आणखीही बाया होत्या. त्यातली एक बाळंतपणं करणारी सुईण आहे. तिच्या बहिणीला कुणी बाजूला घेऊन विचारलं नाही. तुला काढून औषधाकडे टाकलं असतं तर तुझ्या जागी पिठाकडे कोण गेलं असतं? कुणीतरी गेलंच असतं.

हे मी तेव्हाही असंच मांडलं होतं, मनात. पण रात्री झोप लागली असं म्हणणार नाही.

ज्यांना पीठ मिळालं त्या सगळ्यांना आता खरं औषध मिळणार आहे. तू आरेकिपाला परत गेलीस. गोळ्यांची बाटली तुझ्या नावाने ठेवलेली आहे. ती मी पाठवू शकत नाही, इथे येऊनच घ्यावी लागते.

एदेल्मिरा


लिमा, ३ सप्टेंबर १९८७

असुंता,

तू मंगळवारी काही न कळवता लॅबच्या दारात उभी राहिलीस आणि मला 'दाखव' एवढंच म्हणालीस. मेल्वाला तू या भेटीबद्दल काहीतरी वेगळंच सांगशील, म्हणून माझ्या बाजूने लिहून ठेवते.

मी तुला आधी जंतू वाढवण्याची ती हिरवट बशी दाखवली, जिच्यावर काळे, चमकणारे ठिपके होते. तू विचारलंस, 'ही माझी?' मी हो म्हटलं. तू बराच वेळ पाहिलंस. मग विचारलंस, 'हे खातात काय?' इतकी वर्षं मी हे काम करते, कुणा रोग्याने मला हे विचारलेलं नाही. मी म्हटलं, पित्तात जे मिळेल ते. तू म्हणालीस, 'म्हणजे मी यांनाही जेवू घालते.'

मग मी दुसरी बशी दाखवली. तिच्यावर तुझेच जंतू पसरलेले, सगळीकडे दाट, साय धरल्यासारखे. मध्ये औषधात भिजवलेली कागदाची टिकली, आणि टिकलीभोवती रुंद, स्वच्छ गोल. तिथे एकही जंतू नाही. तू बोट काचेवर टेकवून त्या गोलाच्या कडेने फिरवलंस. 'इथे धागा तुटला?' मी म्हटलं, हो, इथे आले त्या सगळ्यांचा. एप्रिलमधलं पत्र तू वाचलं होतंस तर. मला वाटलं होतं मेल्वाने अर्ध्यावर सोडलं असेल.

त्यानंतर तू विचारलंस, 'आणि फेर्मिनचे?'

मी म्हटलं, ठेवलेले नाहीत. ते खोटं होतं. ठेवलेले आहेत. खालच्या शीतपेटीत, बंद नळीत, त्याच्या रक्तातून काढलेले. तेव्हाच मी त्यांची जात तुझ्या जंतूंच्या जातीशी ताडून पाहिली होती. एकच आहे. पण हीच जात इथल्या निम्म्याअधिक रोग्यांत सापडते. त्या महिन्यात लिमाचं पाणी पिऊन आजारी पडलेल्या कुणाचीही तीच निघाली असती. म्हणजे तुझ्या ताटातून त्याला झालं असेल असं मी म्हणू शकते, झालंच असं म्हणू शकत नाही. शपथेवर विचारलं तर मला एवढंच सांगता येईल. बाकी मी मनाशी काय मानते ते शास्त्र नव्हे.

तू आपण लहान असतानाच्या तापाबद्दल विचारलंस. तुला आठवत असेल तर मलाही आठवतं. चिलिनाच्या पाटाचं पाणी प्यायलो होतो, दोघीही. एकाच खाटेवर पडलो होतो. मी बरी झाले आणि तू पण बरी झालीस, निदान आईला तसं वाटलं. तुझ्यात ते राहिले, माझ्यात राहिले नाहीत. याला कारण नाही. बायकांत, पित्ताचे खडे असलेल्यांत जास्त राहतात एवढं माहीत आहे, पण त्या वयात तुला खडे नव्हते. उलटही होऊ शकलं असतं. मग मी खानावळ चालवली नसती, तेव्हा कुणाला कळलंही नसतं.

तू बाटली घेऊन गेलीस. पावतीवर सही न करताच गेलीस. सही मी केली.

ए.


लिमा, १४ डिसेंबर १९८७

असुंता,

औषध संपल्यानंतरचा पहिला नमुना स्वच्छ. दुसरा स्वच्छ. कालचा तिसराही स्वच्छ. या वेळी आकडे लपवलेले नव्हते, तरी तुझी बशी मी स्वतः न वाचता लॅबमधल्या दुसऱ्या मुलीकडून वाचून घेतली.

वर्ष होईपर्यंत अधूनमधून नमुना द्यावा लागेल, कारण खडे अजून आतच आहेत आणि एखाद्याच्या बाबतीत जंतू परत येतात. पण नगरपालिकेला एवढं पुरतं. त्यांना मी निकाल कळवला आहे, जसा मागचा कळवला होता तसाच.

मेल्वा सांगते, या वेळी तू महिनाभर पनीराला हात लावला नाहीस, आणि गोळी घेताना घड्याळासमोर बसायचीस. डॉक्टर बेनाविदेस यांना हे सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही बहिणी सारख्याच आहात. मला त्यात तथ्य वाटलं नाही.

नाताळच्या शुभेच्छा.

एदेल्मिरा


आरेकिपा, २१ फेब्रुवारी १९८८

एदेल्मिरा,

मेल्वाला लिहायला सांगितलं असतं, तिचं अक्षर बरं आहे. पण हे तिच्या अक्षरात नको.

कुलूप काढलं. आत उंदरांनी संसार मांडला होता. आठ दिवस नुसतं घासत होते. मेल्वा नोकरी सोडून आली आहे, कच्चं सगळं तीच कालवते. मी चुलीपाशी. तू लिहिलंस की स्वच्छ, तर स्वच्छ. पण मी माझा हात घालत नाही. वर्ष होऊ दे.

तुझं ते तीनदा स्वच्छ लिहिलेलं पत्र आलं तेव्हा मी आनंदाने रडले असं मेल्वा सगळ्यांना सांगत फिरते. तसं नव्हतं. ते आत होते तोवर मला म्हणता येत होतं की नाहीत, तू बनवून सांगतेस, मी कधी एक दिवस तरी अंथरुणाला खिळले का. अगदी बशी दाखवलीस तेव्हाही मनात म्हटलं, हिने दुसऱ्या कुणाची दाखवली असेल. मग तू लिहिलंस की गेले. आणि मला कसलाही फरक जाणवला नाही. पोट तेच, भूक तीच. तेव्हा कळलं की आधीही हे असंच असणार, कळून न येणारं. गेले म्हणजे होते. त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून राहिले. मेल्वा आली तर डाळ करपली होती.

ती नळी ठेव नाहीतर टाक, मला विचारू नकोस. तू म्हणतेस शास्त्राने सांगता येत नाही. तुझं शास्त्र तुझ्यापाशी. त्याने दोनदा मागून घेतलं आणि मी वाढलं, हे मला तुझ्या लॅबशिवाय माहीत आहे.

मी एक केलं. पहिल्या रविवारी गिऱ्हाइकं बसली तेव्हा पुढे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. म्हटलं, तेव्हा तुमच्यातले जे आजारी पडले ते माझ्या हातचं खाऊन. मी बहिणीवर ढकललं, ते खोटं. आता औषध घेतलं आहे, तपासणी झाली आहे, ज्याला बसायचं तो बसा, ज्याला उठायचं त्याने खुशाल उठा, मी वाईट मानणार नाही. दोन टेबलं उठली. एकजण म्हणाला, 'असुंताबाई, हे जेवायच्या आधी सांगायला हवं होतंत, मी अर्धं संपवलं.' लोक हसले. मग सेफेरिना आली, कोपऱ्यावरची, जिचा मुलगा त्या वेळी महिनाभर तापाने फणफणत होता. ती कुणाशी न बोलता बसली आणि म्हणाली, 'सूप आण. उकळतं आण.' ती सगळं प्यायली. मी वाडगा रिकामा होईपर्यंत तिच्यासमोर उभी होते. नंतर आत जाऊन पोत्यावर बसले.

पिठाचं अजून मनातून गेलेलं नाही. ती सुईण, तिच्या बहिणीला कुणी विचारलं नाही, हे तू लिहिलंस ते मी पुष्कळदा वाचलं. तुझं बरोबर असेल. पण मी तुझ्या जागी असते तर तुला औषधाकडे टाकलं असतं आणि नंतर पाद्रीबाबांकडे जाऊन कबूल केलं असतं. तू तशी नाहीस. लहानपणीही नव्हतीस. खाटेवर तापाने पडली होतीस तेव्हाही तुझ्या वाटणीचं पाणी माझ्यापेक्षा घोटभर जास्त आलं की परत ओतायचीस.

गल्लीत सगळे विचारतात, बहीण कधी येणार. मी म्हणते, कामात असते.

तू इतकी पत्रं लिहिलीस, धागा कसा तुटतो, चुना कुठे चिकटतो, सगळं लिहिलंस. फेर्मिन शेवटी कसा गेला ते नाही लिहिलंस. मला कुणीच सांगितलेलं नाही. तेव्हा आपण बोलत नव्हतो. मी दफनाला मागे उभी होते, तू पाहिलं नसशील. त्याला दुखत होतं का, तो शुद्धीवर होता का, त्याने माझं नाव काढलं का, वाईट काढलं असेल तरी चालेल.

ते कागदावर नको. ये आणि सांग. तू जेवशील की नाही ते तू ठरव. मी ताट वाढीन, समोर बसेन आणि ऐकेन.

असुंता